एकट्याचा स्टँड की दोघांचा?

धनज, १४ ऑक्टोबर १९७६

प्रिय जगदेव,

आठ महिन्यांत तुझं एकच कार्ड आलं, ‘अकोल्याला सुखरूप पोचलो’ एवढंच, आणि मी त्याचंही उत्तर दिलं नाही. आज लिहायला बसलो तो वैतागूनच. वैताग तुझ्यावर नाही. गाडी घरी दुरुस्त करताना खाली लावायचा एक साधा स्टँड, तो मला दोन महिने झाले निवडता येत नाही. शाळेत चाळीस पोरांना गणित शिकवतो, आणि एवढ्याशा गोष्टीने माझी अक्कल काढली आहे.

यंदा आपल्या राजदूत फटफटीचे फार हाल झाले. शेतातल्या वाटेने दोनदा गेलो तर काळी माती मडगार्डमध्ये अशी बसली की पुढचं चाक जागचं हलेना. गाडीचा स्वतःचा स्टँड मागचं चाक तेवढं उचलतो. पुढचं काढायचं तर इंजिनाखाली टेकू हवाच. विटा पुन्हा रचायच्या नाहीत हे मी ठरवलं होतं.

आधी उकंडराव सुताराकडे गेलो. म्हटलं, माप घ्यायला घरी या. तर म्हणतो, “मास्तर, माप कायले? म्या काय गाडी पायली नाही?” बाभळीची घोडी करून दिली, मजबूत इतकी की वर हत्ती उभा राहील, पण एक वीत उंच. गाडी तिच्यावर चढवायला चार गडी हवेत. मी तक्रार केली तर म्हणे पाय कापून देतो. कापले, आणि चारही पाय चार मापांचे झाले. आता तिच्यावर तुझी वहिनी वाळवण घालते.

मग कारंज्याला कैलासचंदांच्या दुकानातून लोखंडी स्टँड आणला, लाल रंगाचा, दिसायला झोकदार. अंगणात लावला आणि गाडी चढवली तशी त्याची एक बाजू सारवलेल्या जमिनीत हळूहळू रुतायला लागली. मी दोन्ही हातांनी गाडी धरून उभा, ना सोडता येई ना उतरवता येई. शेजारचे रामराव धावून आले म्हणून बरं. परत द्यायला गेलो तर कैलासचंद शांतपणे म्हणाले, “मास्तर, हा फरशीवरचा माल हाये. तुमी अंगणात लावान हे मले काय माहीत?” मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. चूक कुणाची म्हणायची?

शेवटी कुणीतरी आपल्या इकडच्या मालेगावच्या मोहनसिंगचं नाव सांगितलं. तो वेल्डिंग करतो, गाड्यांचं काम त्याला कळतं. एस.टी. बदलत मापांचा कागद घेऊन गेलो. त्याने कागद पाहिला, खाली रुंद पट्ट्या टाकू म्हणजे रुतणार नाही म्हणाला. पहिल्यांदाच कुणी नीट ऐकून घेत होतं, मला बरं वाटलं. मग त्याने विचारलं, “मास्टरजी, पहले एक बात सांगा. काम तुमी एकटे करान, का संग दुसरा कोणी राहीन?” एकटा असेल तर पायाने दाबायचा लांब दांडा लावावा लागतो. दोघं असतील तर साधा, बुटका स्टँड पुरतो, एकाने उचलायचं, दुसऱ्याने सरकवायचं. जगदेव, एकट्याचा सांगू की दोघांचा? विचार करून सांगतो म्हणालो आणि रिकाम्या हाताने घरी आलो. वाटभर स्वतःवरच चरफडत होतो.

ही गाडी आपण दोघांनीच उघडली आणि दोघांनीच जोडली. कार्बोरेटर तू, चेन मी. तुझे हात काळे असले की वहिनी तुला घास भरवायची आणि मला म्हणायची, “तुमचे हात त पांढरे हायेत, तुमी काम केलं का नुसतं बोलून राह्यले?” आता ती भाकरी डाव्या हाताने थापते. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. भाकरी थोडी जाड होते, पण मला थापू देत नाही.

हे सगळं लिहिलं ते एका गोष्टीपर्यंत यायला धीर होत नव्हता म्हणून. त्या दिवशी विटा तू रचल्यास, आणि नीट रचल्यास. तू रॉकेल आणायला आत गेलास तेव्हा मला गाडी एका अंगाला कललेली वाटली. मी एक अख्खी वीट काढून तिथे अर्धी सारली. पडलेला नट काढायला वहिनीने हात खाली घातला आणि गाडी तिच्या हातावर आली. ओट्यावर जमलेल्या माणसांसमोर मी ओरडलो, “वीटसुद्धा धड लावता येत नाही, चालता हो!” तू मान खाली घालून उभा होतास, कारण चूक तुझीच असं तुलाही वाटलं. मालेगावहून आल्यावर मी हे वहिनीला सांगितलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “मले कायले सांगता? ज्याले सगळ्याइसमोर बोलले, त्याले सांगा. अन् त्या सगळ्याइलेही.” काल सकाळी ओट्यावर रामराव, उकंडराव सगळे होते. मी उभा राहून सांगितलं. आता उरलास तू. दोष माझा होता, जगदेव, आणि आठ महिने तो मी तुझ्या अंगावर राहू दिला. ये म्हणायचा हक्क मला नाही. तू नाही आलास तरी मी रागावणार नाही, एवढं मात्र तुला कळायला हवं होतं.

तुझाच, अपराधी,
माणिकदादा