तिकडची गोळी, इकडची गोळी

४ मार्च

झाली सुरू एकदाची गोळी! रोज सकाळी एक, घरातल्या कुणीतरी समोर उभं राहून द्यायची. ती अंगात असताना दारू घेतली तर माणूस लालबुंद होतो, ओकतो, छाती धडधडते, कधी जिवावरही बेततं. डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं — ह्याला, मला, सासूबाईंना. "एक थेंबही नाही. खोकल्याचं औषधसुद्धा मला विचारून. आणि गोळी मनानं बंद केलीत तरी तिचा असर लगेच जात नाही, लक्षात ठेवा." हा मान खाली घालून ऐकत होता. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, अंधाऱ्या खड्ड्यात एकटा उतरतो, आणि त्या खुर्चीत शाळेतल्या पोरासारखा बसला होता. मला भरून आलं.

माझी बेकरीतली पाळी पहाटेची. म्हणून गोळी द्यायचं काम सासूबाईंकडे.

७ मार्च

ठकीचा फोन. ठकी म्हणजे ह्याची धाकटी बहीण. चाळिशी उलटली, परदेशात मोठ्या इस्पितळात लोकांचे गुडघे-खांदे हलते करते, पण घरात अजून ठकीच! गोळीचं नाव ऐकलं आणि भडकली. "वहिनी, आमच्याकडे ही पहिल्यांदा देत नाहीत गं! आधी दुसरी औषधं बघतात. आणि एकदम बंदच कर असा हट्ट नसतो, कमी करणं हेसुद्धा चालतं. एक गोळी तर अशी आहे, की ज्या दिवशी प्यावंसं वाटेल त्या दिवशीच आधी घ्यायची. मग माणूस कमी पितो."

पिणाऱ्याला पिण्याआधी गोळी! मला हसूच आलं. तिनं मात्र घाईनं फोन ठेवला.

९ मार्च

डॉक्टरीणबाईंना विचारलंच. वाटलं होतं चिडतील. चिडल्या नाहीत.

"नणंदबाई बरोबर सांगताहेत. उपचार कसे करायचे ते प्रत्येक देशानं आपापलं ठरवलंय. कुठे पूर्ण बंद, कुठे कमी. अहो, 'एक माप' म्हणजे किती दारू, हेसुद्धा सगळीकडे सारखं नाही. एकाचं माप दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट!"

"पण आजार तर एकच ना?"

"आजार एकच. पण तिकडची ती गोळी आपल्याकडे मिळत नाही. घरी येऊन बघणारी नर्स नाही. आणि ह्यांचं यकृत बघता कमी-बिमी नकोच."

पटलं मला. घरी येऊन सांगितलं, तर सासूबाई म्हणतात, "माझी लेक एवढ्या मोठ्या इस्पितळात आहे, ती काय उगाच बोलेल?" दोन घरचा पाहुणा उपाशी! तशी गत व्हायची ह्याची.

१२ मार्च

डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय कामावर घेणार नाही, असा कंपनीचा निरोप. हात थरथरायचे थांबलेत, पण त्या हातांना काम नाही. शेजाऱ्यांचा पंखा दुरुस्त केला. मग आमचा धडधाकट पंखा उघडून बसला! चिडचिड, येरझाऱ्या. सासूबाई दारात उभ्या राहून नुसत्या बघतात.

१३ मार्च

ठकी हल्ली रोज फोन करते, आईलाच. मला एवढंच ऐकू येतं — "आमच्याकडे... आमच्याकडे..." कान किटले.

१६ मार्च

इस्पितळाच्या बाकावर लिहितेय. हात चालता ठेवला नाही तर वेड लागेल.

रविवारची गर्दी, भट्टीतून पाव काढत होते, तर शेजारीण धावत आली. घरी पोचले तोवर हा जमिनीवर. चेहरा लालभडक, श्वास लागलेला, ओकून ओकून अर्धमेला. रक्तदाब पार खाली गेलाय. आत घेतलंय. अजून काही सांगत नाहीत.

सासूबाईंनी इथेच सांगितलं. गोळी त्यांनी परवापासून बंद केली होती. "बंद केली म्हणजे संपलं ना गं? पोराचे हाल बघवेनात मला. ठकी म्हणाली, तिकडे एक माप चालतं. म्हणून चहाच्या कपानं मोजून दिली." चहाचा कप! आणि बाटली? स्वतः जाऊन आणली. जन्मात पहिल्यांदा दारूच्या दुकानाची पायरी चढल्या, डोक्यावरून पदर घेऊन.

चांगलं फाडफाड बोलायचं होतं मला. पण त्या बाकाच्या कोपऱ्यात एवढ्याशा होऊन बसल्या होत्या. नाही बोलवलं.

१७ मार्च

शुद्धीवर आहे. रक्तदाब वर आला! पहिलं वाक्य — "आईला कोणी काही बोलू नका."

१९ मार्च

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसल्या. "असर दोन आठवडेही राहू शकतो. पण ते जाऊ दे. तुम्हाला स्वतःला काय हवंय, ते मी नीट विचारलंच नाही. तिकडे हे आधी विचारतात. चांगली रीत आहे."

हा छताकडे बघतच म्हणाला, "बाई, मला थोडी जमत नाही हो. थोडी मिळणार म्हटलं की दिवसभर मी तिचीच वाट बघतो. नाहीच म्हटलं की जरा डोकं शांत राहतं."

इतक्या वर्षांत एवढं सरळ कधी माझ्याशीसुद्धा बोलला नव्हता. मी बाहेर जाऊन रडून घेतलं.

२१ मार्च

ठकीला आज झाडणारच होते. तोंड उघडलं, तर तीच रडायला लागली. "वहिनी, मला त्या औषधांचं एवढं कसं माहीत, असं कधी मनात आलं नाही तुझ्या? इथल्या दारू सोडवायच्या वॉर्डात मी पेशंट होते गं. अजूनही जाते. मी त्या गोळीनं सावरले. वाटलं, दादाही सावरेल."

सगळा राग कुठल्या कुठे गेला. "आईंना काय सांगू?" विचारलं. "तू नको. मी सांगते. दे तिला."

दिला फोन. सासूबाई उभ्या उभ्याच ऐकत होत्या. मग खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आणि तेव्हा तुझ्याजवळ कोण होतं गं?"