‘लूक’ची शेपटं

ती. स्व. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? (‘बरा आहे’ एवढ्यावर भागवू नकोस, जिना चढता येतो का ते लिही.)

मुलगा जहाजावर गेला आणि घरात उरलो मी नि सूनबाई. तिला मराठी येत नाही, मला इंग्रजी, आणि दुभाषा समुद्रात! म्हणून साठाव्या वर्षी हा शिंपी रोज दुपारी मशीन झाकून एका निवृत्त पोस्टमास्तरांकडे शिकवणीला जातो. परवा त्यांनी ‘लूक’ घेतला. लूक म्हणजे बघणे. पण या शब्दाला मागून शेपटं फुटतात आणि दर शेपटाला तो निराळा प्राणी होतो. लूक फॉर म्हणजे शोधणे, लूक आफ्टर म्हणजे सांभाळणे. (आपणही ‘बघून घेईन’ म्हणतो तेव्हा कुठे काय बघतो?) लूक डाउन म्हणजे खाली बघणे, इथवर आलो आणि तास संपला.

संध्याकाळी सूनबाईने सोप्या इंग्रजीत, डोळ्यांकडे बोट दाखवत विचारलं, माझ्याशी बोलताना तुम्ही नजर का टाळता? आता सातवा महिना लागलेल्या सुनेकडे टक लावून कोण बघतं? आदर म्हणून मी खाली बघतो, हे सांगायला मी छातीवर हात ठेवून म्हणालो, “आय लूक डाउन ऑन यू.” (‘ऑन यू’ पदरचं.) तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, आदर पोचला. म्हणून सकाळी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्याने. ती ताट तसंच ठेवून आत गेली.

दुपारी हे ऐकताच मास्तर ओरडले, “अहो, त्याचा अर्थ तुच्छ लेखणे!”

गळ्यात टेप तशीच, धावत घरी आलो. माफी मागायला शब्द सापडेनात. शेवटी गुपचूप शिवून कपाटामागे लपवलेली बारा झबली काढली आणि तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, “बेबी... आय लूक आफ्टर.” ती एकेक झबलं उलगडत गेली, रडली, मग हसायला लागली. म्हणाली, “बाबा, बसा.” ताई, एवढं मराठी तिला येतं हे मला ठाऊकच नव्हतं!

तुझा,
धाकटा

ता.क. तिला आई नाही, आणि बाळ येईपर्यंत मुलगा पोचत नाही. दोन महिने येशील का? मला काही अडचण नाही, तिच्यासाठी म्हणतोय.

आणखी ता.क. खालची ओळ सूनबाईची. जहाजावरून फोन आला तेव्हा नवऱ्याला विचारून लिहिली, मला वाचू दिली नाही.

आत्या, लवकर या. बाबा खुप घाबरतात.