माळढोक, नऊ फुटांवरून

अमरावती, ६ जानेवारी १९३५

अकोल्याच्या शेतीकचेरीचे उत्तर आले. पिकांवरची कीड खाणाऱ्या पाखरांची नोंद ठेवायला वर्षभर फिरतीवर माणूस हवा आहे. बाई चालेल का, या माझ्या प्रश्नाला उत्तर नाही. चालणार नाही, असेही नाही. कॅमेरा स्वतःचा हवा. नमुन्यादाखल मोकळ्या रानातल्या एका मोठ्या पाखराचा फोटो, स्वतः काढलेला, महिनाअखेर पोचला पाहिजे. ‘पाखरू ओळखू यावे.’

शाळेतली माझी जागा बदलीची, होळीपर्यंत. पुढे बाबा स्थळे बघणार. बघतच आहेत. बी.एस्सी. हा शब्द ते टिपणात घालत नाहीत. ‘मुलगी शिकलेली’, एवढेच.

अम., ९ जाने.

शाळा सुटल्यावर स्टुडिओवाल्या नानांकडे. जंगलखात्यातला एक साहेब विलायतेला परत जाताना विकून गेला तो रिफ्लेक्स कॅमेरा, सोबत लांब भिंग. भिंग निर्दोष. हातात घेऊन सोडवेना. मग शटरचा कापडी पडदा खिडकीकडे धरून पाहिला. इथल्या उन्हाळ्यांनी चाळण केली आहे.

“पोरी, तू कॅमेरा घ्याले आली का लुगडं?” नाना म्हणाले. दुकानातले सगळे हसले. मी हसले नाही.

शिवाय काचेच्या प्लेटा, तिपाई, पेटी. एवढे उचलायला हमाल लागणार. हमालाबरोबर मुलगी एकटी कशी, म्हणून घरचा एक पुरुष लागणार. एका भिंगापायी दोघांचे गाडीभाडे. नको.

पेटीचा कॅमेरा स्वस्त. पण शटर मंद. मान हलवली की पाखराचा धूर.

राहिला घडीचा. रोल फिल्म, चार इंची भिंग, पिशवीत मावतो. भिंगामागच्या कातडी भात्याच्या एका कोपऱ्याला भोक. काळी पट्टी लावली तरच घेईन म्हटले. नानांनी कुरकुरत लावली. उद्या सांगते म्हणून निघाले.

अम., १० जाने.

हिशोब. पाखरू माळढोकच, त्याहून मोठे इकडे नाही. उंची साडेतीन फूट धरली. शंभर फुटांवरून चार इंची भिंगात तो इंचाच्या सातव्या हिश्शाएवढा येतो. म्हणजे डाग. तीस फुटांवरून जवळजवळ अर्धा इंच. साहेबाचे लांब भिंगही शंभर फुटांवरून याहून जास्त देणार नाही.

म्हणजे भिंग परवडत नसेल तर अंतर कमी करावे. माणूस दिसला की माळढोक उठतो, पण शेणखताच्या बंडीला, बैलगाडीला, तो भीत नाही, रोज पाहतो. बंडीत कडब्याखाली बसून जायचे. मामांकडे बंडी आहे, कडबा आहे, माळ आहे. माळढोक आहेत.

घडीचा घेतला. मामांना पत्र टाकले. बंडी, कडबा, सगळे स्पष्ट लिहिले.

मामांचे गाव, १९ जाने.

बडनेऱ्याहून अकोला, पुढे मोटार. वाकले तर मामांनी हात धरले आणि उलट तेच माझ्या पाया पडले. भाचीच्या पाया पडायचे असते. मला हे कधीच आवडले नाही. नाही म्हणायची सोय नाही.

२० जाने.

सकाळी दारात दमणी. रंगवलेली. आत गादी, मागे पडदा, बैलांवर झुली, गळ्यात घुंगरमाळा. मामी डबा घेऊन आधीच आत बसलेल्या.

“मामा, मी बंडी लिहिली होती. शेणखताची.”

“भाचीले शेणाच्या बंडीत बसवू? गाव थुंकन माह्या तोंडावर.”

“घुंगरं तरी काढा.”

“काहून? मयताले चाललो काय आपुन?”

माळावर चार माळढोक. आमचा आवाज त्यांना आम्ही दिसायच्या आधी पोचला. माना वर. मी पडदा बाजूला करीपर्यंत हवेत. एक फोटो घेतला, अंदाजे तीनशे फूट.

मामी म्हणाल्या, “उडले का वो माय? मंग जेवून घेऊ.”

२१ जाने.

पुन्हा विनवले. मामांच्या डोळ्यांत पाणी. “तू माह्या बहिणीची लेक. दुसरं काई बी माग, आणून देतो.” पुन्हा दमणी. माळ रिकामा.

चिडायला काही जागा असती तर बरे झाले असते.

२२ जाने.

मामांनी आणून दिला. काल फासेपारध्याला सांगितले होते. अंगणात माळढोक, नर, पायाला दोरी. एक पंख लोंबतो आहे. मान ताठ.

“घे माय. आता काढ जवळून. कायची बंडी न कायचं काय!”

शेजारीपाजारी जमले. मामांचा चेहरा लग्नघरातल्यासारखा.

शेताच्या कडेला न्यायला मीच सांगितले. खुंटी ज्वारीच्या धसकटांआड ठोकायला मीच सांगितले. लोकांना मागे हटवले, सावली पडत होती. टेपने अंतर मोजले. नऊ फूट. ऊन डावीकडून, शटर शंभरांश, छिद्र आठ. तो एकदाच माझ्याकडे वळला. तेव्हाच दाबले.

फिल्म गुंडाळून ठेवायला आत गेले. त्याला सोडा, असे सांगायचे होते. बाहेर आले तेव्हा मामी मसाला वाटत होत्या. पंख तुटलेले पाखरू सोडून कोल्ह्याला द्यायचे का, असे मामांनी विचारले.

भाचीला आधी वाढतात. वाढले.

अम., २६ जाने.

न्हाणीच्या दाराला घोंगडी लावून दोन्ही फोटो धुतले. उडालेल्याचा: क्षितिजावर ठिपका. घार म्हणा, कावळा म्हणा.

बांधलेल्याचा: मानेवरची बारीक नक्षी, डोळ्यातला उजेड, सगळे आले आहे. दोरी दिसत नाही. यापेक्षा चांगला फोटो मी काढलेला नाही.

मोकळ्या रानातला, असे त्यांनी लिहिले आहे. मागचे रान मोकळे आहे.

अम., २८ जाने.

शाळेत मुलींच्या वह्या तपासताना तीन चुका बरोबर म्हणून सोडल्या. नंतर वह्या परत मागवून दुरुस्त केल्या.

बाबा म्हणाले, परतवाड्याचे स्थळ. मुलाला फोटोचा शौक आहे म्हणे. “तुले जमंल.”

अम., २९ जाने.

टपालात टाकला. बांधलेल्याचा.

मागे लिहिले: माळढोक, नर. भिंग चार इंची. अंतर नऊ फूट. लिहिले त्यात खोटे काही नाही. दोरी लिहिली नाही. अंतर खोडून तीस करावे, असे पोस्टाच्या पायरीवर वाटले होते. केले नाही.

ज्याने माळावर एकदा जरी माळढोक पाहिला असेल, तो नऊ फूट वाचील आणि कागद बाजूला सारील. ज्याने पाहिलाच नसेल तो मला घेईल. मग वर्षभर त्याच्या हाताखाली.

बाबांनी विचारले, “कोन्या सायबाले धाडलं?”

पत्र काढून पाहिले. खालची सही वाचता येत नाही.