दादांच्या सुट्टीतल्या कोकोच्या वड्या

आई, परवा वसुबारसेला मी कोकोच्या वड्या केल्या. तुझ्याच. दर दिवाळीला करते. शेंगदाणे भाजायचे, चोळून सुपात फोलपटं पाखडायची, खलबत्त्यात जाडसर कुटायचे, इथवर ठीक असतं. पण कोकोचा डबा उघडला आणि तो कडवट वास नाकात गेला की मी पुन्हा सांगलीतल्या विश्रामबागच्या आपल्या दोन खोल्यांत उभी असते. माझ्या शाळेसाठी तू गाव सोडून त्या खोल्या भाड्यानं घेतल्या होत्यास. तू जमिनीवर बसून ताटाला तूप चोळते आहेस आणि दादांची गाडी दुपारची असताना सकाळपासून नवऱ्याच्या वाटेवर डोळे लावून दाराकडे बघते आहेस.

नव्वदीची मधली वर्षं होती. दादा फौजेत हवालदार. नायब सुभेदार व्हायची वेळ आलेली, आणि नेमकं उन्हाळ्याच्या सुट्टीत सांगलीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, साखर काठावर आहे, तोंडाला कुलूप लावा. दिवाळीची सुट्टी संपली की पलटणीत वर्षाची तपासणी. तिथं साखर वाढलेली निघाली तर बढती अडकणार, आणि बढती अडकली तर वय झालं म्हणून घरी. हे मला तू कधी समोर बसवून सांगितलं नाहीस. मी आतल्या खोलीत अभ्यासाचं सोंग करून ऐकलं. गावात तर कुणालाच कळू द्यायचं नव्हतं, कारण गावची दोन पोरं त्याच पलटणीत होती आणि कडेगावच्या एसटीपेक्षा आपल्या गावची बातमी लवकर पोचायची. पण सुट्टीवर आलेल्या माणसानं भावकीच्या घरोघरी जाऊन फराळ करायचा असतो. नुसत्या चकलीवर भागत नाही, सणाचं तोंड गोड करावंच लागतं. नको म्हटलं तर साहेब झाला म्हणतात, आणि दोन घरांत नको म्हटलं तर तिसऱ्या घरात कारण विचारतात.

तेव्हा तुला त्या कोकोच्या डब्याची आठवण झाली. दादांनीच मागे कँटीनमधून हौसेनं आणला होता आणि कडू म्हणून कुणी हात लावला नव्हता. तू त्यात तूप कालवलंस, शेंगदाण्याचा कूट घातलास, तीळ, थोडं डाळं, भाजलेलं खोबरं, आणि मिळून यावं म्हणून चार-दोन खजूर वाटून. वर अर्धा अर्धा काजू दाबलास. दिसायला अगदी दुकानातल्यासारख्या झाल्या. पहिली वडी मला दिलीस आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस.

"कडूय गं," मी म्हटलं.

"कडू हाय म्हनूनच चांगलं हाय. खा गप."

मी गप खाल्ली. खरं सांगायचं तर दुसरी चांगली लागली, पण ते सांगायची सोय नव्हती. तू पुढची ताटं थापायला घेतली होतीस.

तुझा बेत असा होता की या वड्या भावकीत आधीच पोचवायच्या आणि निरोप द्यायचा, ह्यांना हेच आवडतं, आले की हेच वाढा. बेत ऐकायला छान होता. फक्त आपल्याकडे ज्या घरातून फराळाचं ताट येतं त्या घरच्या माणसाला त्यातलं परत कुणी वाढत नाही, ते कमीपणाचं समजतात. हा रिवाज माझ्यापेक्षा तुला चांगला ठाऊक होता. तू स्वतः किती जणींना त्यावरून नावं ठेवली होतीस! पण घाबरलेल्या माणसाचं डोकं एकाच दिशेनं धावतं. लक्ष्मीपूजन झालं आणि दादा गावात घरोघरी फराळाला निघाले, तर प्रत्येक घरात पुढ्यात काय, बेसनाचा लाडू आणि करंजी. तुझ्या वड्या पोरांनी कधीच फस्त केलेल्या. दादा अर्धा लाडू खायचे, अर्धा माझ्या हातात द्यायचे आणि तुझ्याकडे चोरासारखं बघायचे.

एकट्या थोरल्या काकूनं तुझा निरोप मनावर घेतला होता. पाडव्याच्या दिवशी तिच्या सोप्यात दादा बसलेत, शेजारी पलटणीतल्या एका पोराचा बाप. काकू ताटली घेऊन येते आणि ताटलीत तुझ्या वड्या. काजूसकट. मी तुझ्याकडे बघितलं, तर तुझा चेहरा दिवाळीत पहिल्यांदाच सैल झालेला. दादा तर खूशच. त्यांनी एक खाल्ली, लगेच दुसरी उचलली. मग काकू कौतुकानं तुझ्याकडे वळली.

"पाक घालायचाच इसरली व्हय गं? कडूजार झालतं. म्या गुळाच्या पाकात पुन्यांदा घोटून थापलं. दीर एवढ्या लांबनं सुट्टीला येतोय, त्येला असलं कडू कसं वाढायचं? खावा भावजी, लाजू नगा."

दादांच्या हातात तिसरी वडी होती. ती परत ताटलीत ठेवता येईना. तो म्हातारा बघत होता. मला वाटत होतं की आता सगळं बाहेर पडणार, बढती जाणार, आपण खोल्या सोडून गावी येणार आणि माझी शाळा संपणार. एवढं सगळं त्या एका वडीवर येऊन थांबलं होतं. आणि तू उठलीस. सासरच्या सोप्यात, पुरुषांच्या मधे, डोक्यावरचा पदर सावरत गेलीस, नवऱ्याच्या हातातली वडी काढून घेतलीस आणि तोंडात टाकलीस. मग ताटलीतल्या उरलेल्याही. बायकांनी पुरुषांच्या आधी पाणी प्यायचं नाही असं ते घर. काकूनं रिकामी ताटली बघितली. मग काकू हसायला लागली, "आगं बया! लय हावरी हाय की गं ही!" म्हातारा हसला, दादाही हसले. तूही भरल्या तोंडानं हसलीस. तुझे डोळे मात्र हसत नव्हते, ते मीच बघितलं असेल.

परत येताना बांधावर तू त्यांना धरलंस.

"आवं, पयल्या घासाला कळलं न्हाई तुमास्नी?"

"कळलं की."

"मग दुसरी कशाला उचलली?"

दादांनी शेजारच्या उसाचं एक पान मोडलं. "लय दिसानं गोड खाल्लं गं," ते म्हणाले.

तू तिथंच बसलीस आणि रडलीस. एवढा मोठा फौजी, तुझ्यासमोर पोरासारखा उभा होता. दुसऱ्या दिवसापासून ते पहाटे कॅनॉलपर्यंत पळायला लागले.

आणि तुला युक्ती सापडली होती. उरलेल्या सुट्टीभर तू प्रत्येक घरात त्यांच्या ताटलीतलं उचलून खाल्लंस. भावकीत तुझं नावच पडलं, गोडखाऊ. जावा मुद्दाम तुझ्या पदरात लाडू बांधायच्या. ते घरात ठेवावेत तर दादांच्या हाताला लागणार, टाकावेत तर अन्नाचं पाप. मग तेही तूच. मी विचारलं तर म्हणायचीस, "मला काय हुतंय?" मला तेव्हा तुझी लाज वाटायची गं. गावातल्या मुली मला त्यावरून चिडवायच्या.

तपासणीचा निकाल चौकातल्या एसटीडी बूथवर आला. दादा पास झाले होते. तू काचेच्या त्या खोक्यात उभी राहून नुसती मान हलवत होतीस, फोनवर मान दिसत नाही हे विसरून. बाहेर आल्यावर बूथवाल्याला म्हणालीस, पेढं देते. आणि दिलेसही. मी तुला इतकी आनंदात पुन्हा पाहिली नाही.

पुढं काही वर्षांनी नवी चप्पल टाचेला लागली ते निमित्त झालं. जखम भरेना. तू वाळत चालली होतीस आणि आम्ही म्हणत होतो, कामाचा ताण. सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, किती वर्षं साखर आहे यांना? सुट्टीवर आलेले दादा माझ्याकडे बघायला लागले, मी दादांकडे. तूच उत्तर दिलंस, डॉक्टरांची चूक सुधारावी तशी.

"मला न्हाई ती. आमच्या मालकास्नी हाय."

तुझं रक्त तोवर कुणी तपासलंच नव्हतं. दादा सुभेदार होऊन घरी आले तेव्हा ओवाळायला तू नव्हतीस.

आता ते माझ्याकडे साताऱ्यात असतात. थकलेत, पण ताठ आहेत. खजूरही काही कमी गोड नसतो हे मला आता कळतं, म्हणून मी तो आणखी कमी करते, तीळ वाढवते, आणि दादांना एकच वडी मोजून देते. घरात साखर बघायचं यंत्र आहे. सकाळी उठले की मी दादांचं बोट टोचते, महिन्यातून एकदा नवऱ्याचं, आणि लेक कॉलेजातून सुट्टीला आला की पळायच्या आत त्याचंही. घरातले मला फौजदार म्हणतात. आकडा दिसेपर्यंत मी बोट सोडत नाही.

काल दादांनी यंत्र माझ्याकडे सरकवलं. "तुजं गं? तुजं किती हाय?"

"कालच बघितलं. चांगलं आहे," मी म्हटलं. त्यांना बरं वाटलं. ते निवांत वडी चघळत बसले.

आई, बघितलेलं नाही. एकदाही नाही.