सलग जागा

प्रिय ताई,

अक्षर ओळखलंस ना? अकरा वर्षांनी लिहितेय. पाकीट बघून तुला आधी बाबांचीच काळजी वाटली असेल, म्हणून आधीच सांगते, बाबा बरे आहेत. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पण जेवतात, चिडतात, मला मोठ्याने पेपर वाचायला लावून त्यातल्या चुका काढतात.

मी त्याच कंपनीत आहे, फक्त आता घरूनच काम करते, पुढच्या खोलीत खिडकीशी. संगणकाचा जो अगदी आतला गाभा, ज्याला आम्ही कर्नल म्हणतो, त्याच्या मेमरीची आवराआवर माझ्याकडे असते. बाबांचं ठाम मत होतं की मी दिवसभर पडद्याकडे बघत बसते आणि लोक मला त्याचा पगार देतात. शेवटी एका सोमवारी चहाच्या वेळी मी त्यांना औषधांच्या कपाटापाशी नेलं. म्हटलं, बघा, जागा भरपूर आहे, पण इथे दोन बोटं, तिथे चार बोटं. मोठी बाटली कुठेच मावत नाही. मग एका टोकाची एकेक वस्तू उचलायची, दुसऱ्या टोकाच्या फटीत बसवायची आणि मूळ जागी चिठ्ठी ठेवायची, की अमुक वस्तू आता तमुक ठिकाणी. असं करत गेलं की एका बाजूला सलग जागा तयार होते. गोदामात तीस वर्षं काढलेला माणूस, त्यांना अर्ध्या कपात कळलं. वर विचारलं, ही हलवाहलव सुरू कधी होते? मी म्हटलं, कुणी मोठी जागा मागितली तरच. उगाच कोण उपसा काढणार! बाबा नुसतं हं म्हणाले आणि त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी इस्त्रीचं टेबल सापडेना. ते मागच्या खोलीत असायचं, म्हणजे तुझ्या खोलीत. तू गेल्यावर तिची अडगळ झाली, हे लिहायलाही मला लाज वाटते. टेबलाच्या जागी फरशीवर एक चिठ्ठी चिकटवलेली होती, बाबांच्या गोदामातल्या तिरप्या अक्षरात: इस्त्री टेबल, पुढची खोली, दारामागे. टेबल खरंच दारामागे होतं, मापाने कापल्यासारखं बसलेलं. मला हसू आलं. म्हाताऱ्याला खेळ मिळाला, चला, तेवढाच हातापायांना व्यायाम. मग रोज दुपारी एकेक वस्तू. जुना पंखा, रद्दीचा गठ्ठा, तुझी अभ्यासाची खुर्ची. क्रमही चोख, खोलीच्या पार टोकाच्या भिंतीपासून दाराकडे. मी बाबांना चिडवलं, तर ते म्हणाले, मी नाही गं. मी म्हटलं, बरं बरं, तुम्ही नाही.

मग डोळ्याचं ऑपरेशन झालं. दोन दिवस मी त्यांच्यासोबत हॉस्पिटलमध्ये, घराला कुलूप, दोन्ही चाव्या माझ्या पर्समध्ये. परत आलो तर मागच्या खोलीतल्या तीन वस्तू हलल्या होत्या आणि तीन नव्या चिठ्ठ्या होत्या. अक्षर तेच, तिरपं. बाबांच्या डोळ्यावर पट्टी, त्यांना समोरचा पेला धड दिसत नव्हता. मी दारातच उभी राहिले. त्यांनी मात्र शांतपणे विचारलं, किती जागा झाली?

ताई, मी भित्री नाही हे तुला माहीत आहे. पण त्या दिवशी मी मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि हातातलं काम पडद्यावर तसंच सोडून बाबांजवळ बसून राहिले. दुसऱ्या दिवशी मात्र माझ्यातला कामाचा किडा जागा झाला. चूक शोधायची तर खुणा करायच्या, ही आमची रीत. मागच्या खोलीत उरलेल्या एका स्टुलाच्या चारही पायांभोवती मी खडूने गोल काढले. बाबांना माझ्या नजरेसमोर बसवलं आणि तासाभराने पाहिलं. स्टूल पुढच्या खोलीत, खिडकीखाली होतं. खडूचे गोलही तिथेच, त्याच्या पायांभोवती, माझी वाकडीतिकडी रेघ त्यांत जशीच्या तशी. मागच्या फरशीवर खडूचा कणही नव्हता. आमच्याकडे मेमरीचं एक पान, म्हणजे ठरावीक मापाचा तुकडा, दुसरीकडे जातं ते असंच, बारीकसारीक डागांसकट. पण फरशीवर खडू असा चालत नाही गं.

शेवटी खोलीत एकच वस्तू राहिली, अगदी मधोमध. माझी लोखंडी ट्रंक. एक दिवस गेला, चार गेले, आठवडा गेला, ती हलेना. गंमत बघ, कंपनीत मी तेव्हा नेमकं हेच दुरुस्त करत होते. मेमरीत एखादं पान कुठल्या प्रोग्रॅमने धरून ठेवलेलं असलं तर ते हलवता येत नाही, आणि त्या एका पानापायी सगळा पट्टा वाया जातो. जुना कोड तो पट्टा नापास ठरवायचा आणि पुन्हा तिकडे फिरकायचाच नाही. मी बदल केला की परत जाऊन बघ, धरणाऱ्याने एव्हाना सोडलं असेल. सगळीकडे छान चाललं, फक्त एका मशीनवर एक पान हटेना. तीन दिवस डोकं फोडल्यावर कळलं, ते माझ्याच कोडने धरलं होतं. चाचणीपुरतं, दोन मिनिटांसाठी म्हणून, आणि सोडायची ओळ लिहायचीच राहिली होती. सगळी टीम पोट धरून हसली. मी ऊठसूट दुसऱ्यांना ह्याच चुकीवरून झापत असते ना! मला मात्र हसू येईना. उठून मागच्या खोलीत गेले. ट्रंकेवर चिठ्ठी होती: हलत नाही. धाकटीला विचारा.

त्या ट्रंकेत काय आहे ते बाबांना माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. तुझी पत्रं आहेत ताई, बाबांच्या नावाने आलेली, एकूण एकोणीस. तुमचं ते भांडण झालं, तू गेलीस, पंधरा दिवसांत बाबांना हृदयाचा झटका आला आणि त्याच आठवड्यात तुझं पहिलं पत्र आलं. मी ठरवलं, चार दिवस जाऊ देत, मग देऊ. तुझा फोन आला तेव्हा मीच तुला सांगितलं की बाबांना तुझं नावही नको आहे. ते खोटं होतं. ते तर रोज विचारायचे, पोस्टमन येऊन गेला का. दुसरं पत्र आलं तेव्हा पहिल्याचं काय सांगू हा प्रश्न होता, तिसऱ्याला दोघांचं. आणि खरं सांगायचं तर घरात एकटीच मुलगी असणं मला आवडायला लागलं होतं. हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं. परवा मी कुलूप उघडलं आणि सगळा गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला. ते पाकिटं एकेक करून तारखेप्रमाणे लावत बसले. संध्याकाळी ट्रंक पुढच्या खोलीत पलंगाखाली होती, मागची खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत मोकळी झाली होती, आणि कुठेच चिठ्ठी नव्हती.

एकोणिसावं पत्र मी आधी स्वतः वाचलं. तेवढी आगळीक अजून केलीच. ते त्या सोमवारी सकाळी आलं होतं, मी बाबांना कपाट दाखवलं त्याच दिवशी, आणि न उघडताच ट्रंकेत टाकलं होतं. तू लिहिलं आहेस की तुझ्या दुखण्यावर आता डॉक्टरांकडे करण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि मागच्या खोलीत एका खाटेपुरती जागा होईल का. उत्तर आलं नाही तर मी समजून घेईन, असंही लिहिलं आहेस. सहा आठवडे झाले ताई त्याला. नको समजून घेऊस. डॉक्टरांनी बाबांना दिवसाला एकच पान वाचायची परवानगी दिलीय, म्हणून ते दिवसाला एकच पत्र वाचतात, तारखेप्रमाणे लावून, मधलं एकही पुढेमागे करू देत नाहीत. आज तिसरं झालं. तू वाहत्या नळाबद्दल काहीतरी लिहिलंयस, त्यावर इतके हसले की डोळा दुखला. अजून सोळा दिवस आहेत. गाडी करून ये, झोपून ये, कशीही ये, किंवा मला नुसतं ये म्हण, मी न्यायला येते. शेवटचं पत्र त्यांच्या हातात पडेल त्या दिवशी तू शेजारच्या खोलीत असायला हवीस.

तुझीच गुन्हेगार,
धाकटी