तेस्साच्या बोलण्याला साक्षीदार

फ्लॉरेन्स, जानेवारी संपता संपता

वडीलबंधूंच्या जागी असलेले नेरीराव यांना बाल्दोचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? खेचरानं लाथ मारली तो उजवा की डावा, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, म्हणून दोन्हींची चौकशी करतो. सासूबाईंचा खोकला कमी असेल, गोठ्यातली मंडळीही खुशाल असतील. (तेस्सा बरी असेलच. बरी आहे ना?)

ती तुमच्याकडे येऊन सात आठवडे झाले. बहिणीची बाजू तुम्ही ऐकलीच असेल, आता मेहुण्याचीही ऐका. आमच्या प्रयोगमंडळाबद्दल मागे बोललो होतो. दर गुरुवारी आम्ही नऊ जण एका सरदारांच्या दिवाणखान्यात जमतो आणि बर्फ, पारा, बेडूक, जे हाती लागेल ते तपासतो. नियम एकच. अमक्या ग्रंथात लिहिलंय, तमका पंडित सांगून गेलाय, हे तिथं चालत नाही. स्वतः करून दाखवायचं, तिघांनी पाहायचं, वहीत सह्या करायच्या, मग ते खरं. (मला याचा फार अभिमान आहे. पण तो मिरवायला घरात माणूस नाही.)

घोटाळा असा झाला की हा नियम मी घरीही आणला. तेस्सानं घेवडा शिजला म्हटलं की मी भांड्यातून तीन ठिकाणचे तीन दाणे काढून दाबून बघायचो. तेही तिनं सोसलं. मग एका सकाळी, पावाला तेल लावता लावता, लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर, ती आपणहून म्हणाली, "तुमच्यावर माझा फार जीव आहे हो." नेरीराव, तुमच्या घराण्यात असले शब्द किती हात राखून खर्च करतात ते तुम्ही जाणता. आणि मी गाढवानं काय विचारावं? "कशावरून?" वर वहीत टिपलं: सकाळ, हवा कोरडी, बोलणारी एकटीच. इथवरही निभावलं असतं. पण गुरुवारी मी तिघा सभासदांना घरी आणलं, स्वयंपाकघरात बाकावर ओळीनं बसवलं आणि तिला म्हटलं, "हं, आता पुन्हा म्हण." आमचे सचिव बास्तियानो यांनी तर लेखणी दौतीत बुडवूनसुद्धा ठेवली होती! तेस्सानं पळी खाली ठेवली, आम्हा चौघांकडे एकेक करून पाहिलं आणि म्हणाली, "मेल्यांनो, घेवडा खाऊन जा." दुसऱ्या दिवशी ती कोळसेवाल्याच्या गाडीत बसून तुमच्याकडे निघाली. घेवडा मात्र उत्तम शिजला होता.

त्यानंतर स्वयंपाकघर गार पडलं. चूल तीच, लाकडं तीच, खिडकी बंद, तरी हात कापायचे. मी मंडळात सांगितलं की घरातून एक माणूस गेलं की घर थंड होतं. लगेच तिघं जण गारठा मोजायची काचेची नळी घेऊन आले. नळीतली दारू तसूभरही खाली उतरेना! बास्तियानो म्हणाले, "बाल्दो, तुझं म्हणणं खोटं ठरलं." मी म्हटलं, "खोटी तुमची नळी," आणि ती चुलीत फेकली. रडूच फुटलं हो मला, नेरीराव, तिघांच्या देखत.

असो. पत्र लिहायचं कारण एवढंच की मंडळाला दोन पोती चेस्टनट हवेत. भाजताना ते का फुटतात ते पाहायचं आहे. पोत्यांबरोबर घरचं कुणी माहितगार माणूस आलं तर फार सोय होईल.

आपला,
बाल्दो

ता.क. चेस्टनट इथल्या बाजारात ढिगानं पडलेत.

ता.क. मंडळालाही काही नको आहे. नळी फोडल्यापासून मला गुरुवारी कुणी बोलावत नाही. हल्ली गुरुवारी मी वेशीवर जातो आणि तुमच्याकडून येणाऱ्या गाड्या बघत बसतो.

ता.क. हे पत्र तिला वाचून दाखवू नका. नुसतं टेबलावर उघडं टाका आणि आपण चुलीपाशी काही करत असल्याचं सोंग करा. वाचताना ती हसली का, तेवढं मला कळवा. नसली हसली, तरी हसली म्हणूनच लिहा. मी खरं मानीन.