आबांच्या मनगटावरचं गाव

३ मे

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. रोपवेची शेवटची खेप उतरली की तिकडे परदेशात तुमचं डोंगरातलं गाव दारं लावून गपगार पडतं, हे वाचून हेवा वाटला. आमच्या समुद्राकाठी पाहुणे रात्री उशिरा जेवायला बसतात आणि सकाळी कुणालाच उठायचं नसतं. दुपार झाली तरी लॉजच्या चादरी धुवायला हाती लागत नाहीत.

आता मुद्द्याचं. आबांचं लक्षण ठीक नाही. ऐन दुपारच्या जेवणाच्या वेळी उठतात आणि नाश्ता मागतात. सगळीकडे निजानीज झाली की इस्त्रीचा शर्ट घालून जिन्यात बसतात. परवा एक पाहुणीबाई दचकून किंचाळली. मनगटावरचं घड्याळ पाच तास मागे. मी रोज बरोबर लावते, ते रोज फिरवतात. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला वेळ कळू नये, याचं मला रडू येतं.

डॉक्टर म्हणाले, वयाने होतं असं, डोळ्यांत तेल घालून बघायला हवं. भर हंगामात मी एकटी कुठे कुठे पुरी पडू? महिनाअखेरीस त्यांना वृद्धाश्रमात ठेवायचं म्हणते आहे. आईच्या मागे तू एकदाही इकडे फिरकली नाहीस, तेव्हा निदान आडवी येऊ नकोस.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
ताई

१४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आडवी येतेच आहे. टोमणा मात्र पदरात घेतला. रोपवेखालच्या या एवढ्याशा दुकानाने माझे पाय बांधलेत खरे.

गेल्या हिवाळ्यात आबा माझ्याकडे होते, तेव्हाही त्यांचं तंत्र बिघडलेलंच होतं. भर मध्यरात्री उठून चहा टाकायचे आणि दुपारी गिऱ्हाइकांच्या गडबडीत गाढ झोपायचे. घड्याळ पाच तास पुढे. मला वाटलं, प्रवासातून आल्यावर लावायचं राहिलं. तुझ्या डोक्याला आणखी घोर नको म्हणून कळवलं नाही.

काल तुझं पत्र वाचताना बोटांवर मोजलं. तुमच्या देशातली वेळ इथल्यापेक्षा पाच तास पुढे. माझ्याकडे ते तुझ्या वेळेने उठत होते आणि तुझ्याकडे माझ्या वेळेने उठतात. भ्रमिष्ट माणूस इतका बिनचूक चुकेल का, ताई? त्यांनाच विचार. तोवर कुठेही पाठवू नकोस.

राग ओसरला की दोन ओळी धाड.
तुझी धाकटी

२५ मे

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

विचारलं. आबा आधी घड्याळाच्या काचेवरची धूळ पुसत बसले. मग म्हणाले, समोर दिसते तिची काळजी कसली करायची? जी दिसत नाही, तिच्या वेळेला घरातलं कुणीतरी जागं असावं. पूर्वी तुमची आई ते बघायची, आता ते माझ्याकडे आलं. वर, आमच्या लॉजचा नाश्ता गार असतो, अशी तक्रारही केली.

वृद्धाश्रमाला नकार कळवला आणि जिन्यात त्यांच्यासाठी खुर्ची टाकली. पाहुणे आता त्यांना नमस्कार करून वर जातात.

पण ऊन इथलं आणि दिवस तिथला, हे या वयात सोसायचं नाही. तुझ्याकडे पाठवले तर माझ्यासाठी जागतील, इथे राहिले तर तुझ्यासाठी. वाटणी करून हे सुटत नाही. तुमचा हंगाम संपला की दुकानाला कुलूप लाव आणि चार दिवस ये. दोघी एका छपराखाली दिसलो, की ते घड्याळ काढून उशाशी ठेवतील.

माया कागदावर पुष्कळ झाली, आता समक्ष आण.
तुझी ताई